उलटा हात

नखपॉलिशचे तीन लाल ठिपके.

वाळूजकडं निघालेली कंपनीची बस, तिचा लांबलेला भोंगा.

जळक्या पत्र्यांचा वास. आठ वर्षांपूर्वीचा.

उलटा हात.

पुंडलिकनं अॅम्प्लिफायरचा मागचा पत्रा काढला आणि तसाच धरून बसला. व्हॉल्व्हच्या काचा काजळल्या होत्या, ट्रान्सफॉर्मरवर कोळिष्टकं होती, पण स्क्रूंवरचे ते ठिपके शाबूत होते. घट्ट केलेल्या स्क्रूवर मुक्तावहिनीचं नखपॉलिश लावायची खोड एकट्या कडुबाची. पुंडलिकच्या थोरल्या भावाची.

"कुठून घेतला म्हणालात?"

"पाचोडच्या बाजारात, भंगारात." सेट घेऊन आलेल्या साहेबरावांना उस्मानपुऱ्यातल्या त्या अरुंद दुकानात स्टूल दिलं होतं, तरी ते उभेच होते. "पोरगं कंपनीत हाय, पण सगळा जीव गिटारात. म्हणतंय, नव्या सेटला ही गोडी नाय. गिटारासाठी करून दे. होईल ना?"

"होईल. उद्या या."

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, त्या पावसाळ्यात गावातली पुंडलिक-कडुबाची वस्ती पेटवली गेली. जयंतीला ज्यावर गाणी वाजायची, तो हाच सेट काढायला कडुबा जळत्या घरात शिरला, तो बाहेर आलाच नाही. सेटही जळाला, असंच सगळे धरून चालले होते. पुंडलिकनं लाकडी पेटीच्या चारी कडांवरून बोट फिरवलं. कुठंच धग लागली नव्हती.

म्हणजे कडुबा आत शिरला, तेव्हा सेट घरात नव्हताच.

मेनची एक वायर आतल्या पत्र्याला टेकवली, की करंट थेट गिटारच्या तारांत उतरणार होता. वायरचं टोक सोलून त्यानं ते चिमटीत धरलं. साहेबरावांनी खरंच भंगारातून घेतला असेल तर? आणि तारांवर बोटं पोराची. शेजारचा चहावाला हाका मारून गेला, तरी ते टोक चिमटीतच होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेबराव आले. व्हॉल्व्ह तांबूस पेटले होते.

"वा! लई झकास. आता हात लावून दाखव."

"कसला हात?"

"उलटा रे. करंट असला तर झटकला जातो, चिकटत नाय. तुम्हा मेकॅनिक लोकांना सांगावं लागतंय व्हय? कडुबा दर जयंतीला या सेटला आधी उलटा हात लावायचा, मगच माईक दुसऱ्याच्या..."



"कडुबा माझा थोरला भाऊ," पुंडलिक म्हणाला. त्यानं दोन्ही हात खिशात घातले. "आज तुम्ही लावा."

साहेबरावांचा हात उचलला गेला आणि पत्र्यापासून वीतभर अलीकडंच थांबला.

"काय केलंस यात?"

"गिटारासाठी करून दिलाय. लावा की. का पोराला बोलावता?"

"पोराचं नाव काढू नको!"

हात मागं आला. त्यांनी तो धोतराला पुसला, कशालाही लागला नव्हता तरी.

"राहू दे इथंच," दुकानाची पायरी उतरताना ते म्हणाले. मागं वळून पाहिलं नाही.

त्या दिवशी सकाळी, दुकान उघडल्याबरोबर, पुंडलिकनं सेट चालू करून त्याला उलटा हात लावला होता. करंट नव्हता.