सचिनच्या झाडाचं पाणी

भर उन्हात, आभाळात ढगाचा पत्ता नसताना, चर्चमागच्या स्मृतिबागेतलं शिरीषाचं झाड टपटप गळत होतं आणि त्याखाली अर्धं वरठी गाव तोंड वर करून उभं होतं. कुणाकडे वाटी, कुणाकडे औषधाची रिकामी बाटली. मधोमध भुपेंद्र. परवापर्यंत मोबाइल दुरुस्त करणारा हा गडी आता डोळे मिटून लोकांचे आजार दुरुस्त करत होता.

"लेकराचे आसू होत हे," तो सांगत होता. "मनात शंका आनली का गुन येत नाई. अन् बाकीचं औषध बंद."

मोठी सोय होती. गुण आला तर पाण्याचा, नाही आला तर दोष तुमच्या शंकेचा.

ही बाग आम्ही काही जण सांभाळतो. रविवारी उपासना झाली की खराटे काढायचे, आवार झाडायचं, झाडांना पाणी घालायचं. वारलेल्या प्रत्येकाच्या नावानं इथे एक झाड आहे. त्याला कात्री लावायची नाही, त्यावर फवारायचं नाही, असा आमचा नियम. आपल्या माणसाला कोण कापेल?

हे झाड मंगलाबाईच्या मुलाचं, सचिनचं. सिकलसेल या रक्ताच्या दुखण्यानं तो आठवीत असताना वारला. तोच आजार त्याच्या धाकट्या बहिणीला, मोनाला आहे. त्या दिवशी ती चर्चच्या पायरीवर पाय पोटाशी घेऊन कण्हत होती.

"गोळ्या चालू आहेत ना?" मी मंगलाबाईला विचारलं.

"बंद केल्या, सर. भाऊच तिच्यासाठी रडून राहिला, त गोळ्या कायले?"

मी रुग्णवाहिकेला फोन लावला, पण मंगलाबाई पोरीला सोडेना. दवाखान्यात नेलं तर पाणी आटेल, असं भुपेंद्रनं तिच्या मनात भरवलं होतं.

मी सचिनच्या झाडाची खालची फांदी वाकवली. "मंगलाबाई, मी कापत नाही. तुम्ही फक्त बघा."

डहाळीवर पांढरा फेस होता. तिनं बोटानं तो बाजूला केला. आत बारके तपकिरी किडे चिकटलेले. जन्मभर धानात राबलेली बाई ती.

"हे त तुडतुड्यावानी दिसते," ती हळूच म्हणाली.

"त्यांच्याच जातीचे आहेत. झाडाचा रस ओढतात आणि जास्तीचं पाणी मागून सोडतात. आपण फवारत नाही, म्हणून माजले."

"शंका नोको घेऊ, बाई," भुपेंद्र मध्ये पडला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती डहाळी तिनं स्वतःच्या हातानं मोडली, झाडापासून लांब नेली आणि कोरड्या वाटीवर धरली. थोड्या वेळानं किड्याच्या मागून वाटीत थेंब पडला. लोक पदरानं, बाहीनं तोंडं पुसू लागले. भुपेंद्र केव्हा सटकला, कळलं नाही.

"मंजे माहा सचिन रडत नोयता?"

"नाही."

ती हमसून रडली; मुलाच्या मातीलाही इतकी रडली नव्हती. मग तिनं डोळे पुसले आणि मोनाला उचलून आलेल्या रुग्णवाहिकेत ठेवलं.

मोना वाचली. पण दवाखान्यात तिला पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात कायमचा लुळा पडला. गोळ्या थांबायला नको होत्या, डॉक्टर म्हणाले.

आम्ही दर रविवारी त्या झाडाखाली झाडत होतो. वर कुणी पाहिलं नाही. म्हणून सांगतो, गेलेल्यांसाठी झाडं लावा, त्यांच्याखाली बसून मनसोक्त रडा. पण थेंब कुठून येतो ते आधी वर बघा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय जित्या लेकराची गोळी बंद करू नका.