वरून घातलेलं पाणी

मी डोण बोलतेय. पाणी साठवायची दगडी डोण. पुण्याजवळच्या सूसकडून आमच्या गावाला वळलात की नव्या सोसायटीच्या तोंडाशी मेधाचं दुकान लागतं, त्याच्या पायरीशी मी आहे. गावाचं नाव सांगत नाही. एका गावाचं नाव घेतलं की शेजारची गावं सुटल्यासारखी हसतात, म्हणून कुणाचंच घेत नाही.

आधीच सांगून ठेवते, मी दगड आहे. माझ्याकडून रडण्याची अपेक्षा करू नका. मला वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, वाटत असावं, पण ते माझ्यापर्यंत पोचत नाही. बधिर झालेल्या पायावर कुणी उभं राहिलं तर जेवढं कळतं, तेवढंच मला कळतं.

डोंगराच्या कडेच्या काळ्या खडकातून एका पाथरवटानं मला काढलं. माणूस कामाला चोख होता. दुपारी तो माझ्यावरच बसून भाकरी खायचा आणि खाऊन झालं की हात माझ्याच अंगाला पुसायचा. घडवायला घेताना त्यानं गावच्या कारभाऱ्यांना विचारलं होतं की डोण गुरांसाठी हवी की माणसांसाठी, कारण गुरांची असेल तर काठ बुटका ठेवावा लागतो. कारभारी म्हणाले, वाडीसाठी. पाथरवटानं पुढं काही विचारलं नाही. त्यानं काठ बुटका ठेवला.

वाडी म्हणजे गावाबाहेरची वस्ती. आज तिथल्या कमानीवर निळा झेंडा आहे, आत विहार आहे, दोन घरांसमोर मोटारी आहेत. तेव्हा यातलं काही नव्हतं. गावची विहीर वर चौथऱ्यावर होती आणि मला खाली उताराला ठेवलं होतं. वाडीतल्या बायकांनी चौथरा चढायचा नाही, दोराला हात लावायचा नाही. रिकाम्या घागरी घेऊन माझ्यापासून लांब बसून राहायचं. गावातली एखादी बाई पाण्याला आली आणि तिच्या मनात आलं, तर ती आपली कळशी उंच धरून वरून माझ्यात पाणी ओतायची. ती लांब गेली की मग बसलेल्यांनी पुढं यायचं आणि माझ्यातलं पाणी भरून न्यायचं.

माझी आणि माणसांची ओळख अशी अर्धी आहे. वाडीतल्या बायकांचे हात मला चांगले ठाऊक आहेत. तळाचं पाणीसुद्धा वाया जाऊ नये म्हणून त्या करवंटीनं मला खरवडायच्या. पाणी ओतणाऱ्यांपैकी कुणी मला कधी बोटही लावलं नाही. त्यांचं फक्त पाणी मला ठाऊक होतं, तेही पडतानाचं.

बसलेल्यांमध्ये चांगुणा नावाची एक पोर असायची. आईबरोबर यायची आणि वाट बघता बघता मातीत काड्यांनी घरं काढायची. ओतणाऱ्यांमध्ये गोजराबाई होती, मोठ्या घरात नुकतीच लग्न होऊन आलेली. तिला सासूनं सगळं नीट शिकवलं होतं. कळशी किती उंच धरायची, आणि शिंतोडा उडून परत अंगावर येऊ नये म्हणून दुसऱ्या हातानं पदर कसा आवळून घ्यायचा. शिकवल्यासारखं ती करायची. वाईट नव्हती. उलट तिच्या मनात इतरांपेक्षा लवकर यायचं.

मग वाडीनं बुद्धाचा धम्म घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणाचा बाप गेणबा माझ्याजवळ आला आणि मागून आलेल्या बायकांना म्हणाला, "आजपासनं आपली घागर या दगडाला लागायची न्हाई. वढ्याचं पिऊ." बायका परत फिरल्या. ओढा चांगला लांब होता आणि उन्हाळ्यात त्यात झरे खणावे लागत, तरी माझ्याकडं पुन्हा कुणी आलं नाही. वाडीला पुढं हातपंप मिळाला, नंतर नळ आला.

माझ्याकडं गुरं येऊ लागली. काठ बुटका होताच. गुरं गेली तेव्हा बांधकामवाल्यांनी माझ्यात सिमेंट कालवलं. विहीर बुजवली त्या वर्षी मला उलटी करून भरावात ढकललं, आणि मी बरीच वर्षं तोंड खाली करून मातीत पडून होते. खरं सांगायचं तर तिथं बरं होतं.

सोसायटीचा पाया खणताना जेसीबीचा दात माझ्या काठाला लागला आणि तळाला भोक पडलं. जमीन गोजराबाईच्या घरचीच होती. तिचा मुलगा चंद्रकांत हौशी माणूस. त्यानं मला धुऊन घेतलं आणि रस्त्याकडेचा गाळा मेधाला भाड्यानं दिला तेव्हा शोभेला म्हणून पायरीशी आणून ठेवलं.

मेधा पुण्यातून राहायला आलेली, मनानं चांगली, बोलायला गोड. तिच्या दुकानात लाकडी घाण्याचं तेल, मुळशीतला तांदूळ, नाचणी असं सगळं मिळतं. पिशव्या मिळत नाहीत, गिऱ्हाइकानं घरून डबा आणायचा. सोसायटीतली माणसं डबा विसरतात, परत जातात, पुन्हा येतात आणि या सगळ्यात आपण पृथ्वीसाठी काहीतरी केलं म्हणून खूश होतात. मेधानं माझ्या तळाचं भोक सिमेंटनं बुजवून घेतलं, कमळ लावलं, मासे सोडले. दर रविवारी ती नव्या लोकांना गावातून फिरवून आणायची. जुनी तालीम, दीपमाळ, कुंभाराचा आवा, आणि शेवटी मी. या फिरण्याला ती वारसा फेरी म्हणायची.

दुकानाच्या एका कोपऱ्यात गोधड्या असतात. लोक घरातल्या जुन्या साड्या आणून देतात आणि त्यांची गोधडी शिवून नेतात. शिवणारी चांगुणा. आता म्हातारी, चष्म्याला दोरी बांधलेली, टाका मात्र अजून सरळ. साड्या घेणं, मापं, फोनवरचं बोलणं हे तिची नात दीपमाला बघते. दीपमालानं हिंजवडीची नोकरी सोडून हे काम उभं केलं आणि वाडीतल्या आणखी चार बायकांच्या हाताला काम दिलं. तो कोपरा आहे म्हणून हे सगळं आहे.

पहिल्या दिवशी चांगुणा चिंध्यांचं गाठोडं घेऊन आली, तेव्हा तिनं मला ओळखलं. थांबली, काठावरून नजर फिरवली आणि लांबून वळसा घालून आत गेली. त्यानंतर रोज वळसा घालूनच जायची. कुणाला काही बोलली नाही. मीही नाही.

घोळ झाला तो गोजराबाईच्या बोलण्यानं. ती एकदा तेल घ्यायला आली आणि मला बघून मेधाला म्हणाली, आमी वरनं पानी घालायचो, वाडीच्या बाया खालनं भरून न्यायच्या. मेधाच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिनं त्याचा अर्थ असा घेतला की पूर्वीची माणसं पाणीसुद्धा एकमेकींना वाढत होती. तिनं चांगुणाला विचारलं, आजी, तुम्ही पण असायचात का तेव्हा? चांगुणा सुई न थांबवता म्हणाली, व्हते की.

झालं. मेधानं ठरवलं की येत्या रविवारी फेरीच्या शेवटी दोघी आजींनी ते सगळ्यांना करून दाखवायचं. गोजराबाई कळशीनं पाणी घालणार, चांगुणा ओंजळ धरणार, फोटो निघणार. चंद्रकांतलाही ते आवडलं. गाळ्याचा करार संपत आला होता आणि तो खूश असणं मेधाला हवंच होतं.

शनिवारी संध्याकाळी शटर ओढल्यावर दीपमाला आजीला घेऊन माझ्यासमोरच्या पायरीवर बसली. तिला शंका आली होती. वाडीत वाढलेल्या पोरीला पाण्याच्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, फक्त तो दगड हाच, हे तिला ठाऊक नव्हतं.

"आजी, वरनं म्हणजे?"

"वरनं म्हंजे वरनं."

दीपमालानं पिशवीतून फोन हातात घेतला. मग म्हणाली की उद्या काही करायचं नाही, मी मेधाताईला फोन करते. चांगुणानं तिचा फोन काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला. "तुझं काम हाय हितं," ती म्हणाली. "चार घरं हायेत त्यावर. मी वंजळ धरते. हात धरायला काय जातंय?"

तिच्या आवाजात दुःख नव्हतं. काहीच नव्हतं. मला तो आवाज माझाच वाटला.

रविवारी बरीच माणसं जमली. मेधानं कमळाभोवती झेंडूची फुलं सोडली होती. गोजराबाईला वरच्या पायरीवर उभं केलं, हातात तांब्याची कळशी दिली. चांगुणा पांढरं लुगडं नेसून खाली उभी राहिली, दीपमाला तिच्या मागं. मेधा हसून म्हणाली, "आजी, तेव्हा करायचात ना, अगदी तसंच करा."

गोजराबाईनं कळशी उचलली. तिचा हात आपोआप उंच गेला. दुसऱ्या हातानं तिनं पदर आवळून घेतला. आणि पाणी माझ्यात पडायला लागलं, त्याच उंचीवरून, त्याच आवाजानं. इतक्या वर्षांनी मी ते ओळखलं.

चांगुणानं ओंजळ धरायला हात पुढं केले होते. आवाज आल्याबरोबर तिचे पाय मागं सरकले. दीपमालाला धक्का लागला तरी सरकत राहिली, मग लांब जाऊन उकिडवी बसली आणि डोक्यावरून पदर ओढून जमिनीकडं बघत राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे बसवलेलंच आहे.

"आजी, हात धरा ना," मेधा म्हणाली.

"आदी त्यांनी लांब जायला पायजे," चांगुणा म्हणाली. "मग आमी उठायचं."

मेधाला कळेना. एकानं फोन खाली घेत विचारलं, म्हणजे काय? चांगुणानं मान वर केली आणि साडीचं माप सांगावं तसं सांगितलं. "दोराला आमचा हात चालत न्हवता. हिरीवर चढायचं न्हाई. त्यांच्या मनात आलं तर वरनं घालायच्या. न्हाई आलं तर तसंच बसायचं. माझी आय तापानं फणफणलेली असताना बी हितं बसलीया."

बाकीचे फोनही खाली आले. गोजराबाई कळशी धरून उभीच होती. पाणी संपलं होतं तरी हात खाली येईना.

"आमाला तसंच शिकवलं व्हतं," ती म्हणाली.

"व्हय," चांगुणा म्हणाली. "आमालाबी."

दीपमालानं आजीला उठवलं. लोक पांगले. काही जणांनी जाताना तेल घेतलं, कारण डबे आणले होते.

संध्याकाळी चंद्रकांत आला. आवाज चढवला नाही. जुनं उकरून गावात वाईटपणा नको, आईला जेवण गेलं नाही, करार संपतोय तेव्हा बघू, असं शांतपणे बोलून गेला. दुसऱ्या दिवशी मेधा गोधड्यांच्या कोपऱ्यात खाली जमिनीवर बसली. रडत होती. माफी मागत होती. मला इथून हलवते म्हणाली, नाहीतर वाडीत विहारापाशी पाठवते, तुम्ही म्हणाल तिथं.

चांगुणानं दोरा दातानं तोडला. "वाडीनं एकदा सोडलाय तो दगड. पुन्यांदा न्हेऊन काय करू?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "हितंच ऱ्हाऊ दे. समद्यांच्या पायात. पन कोरडा ठेव."

मेधानं मासे काचेच्या बरणीत काढले. कमळ सोसायटीच्या बागेत गेलं. तळाचं सिमेंट दीपमालानं स्वतः छिन्नीनं फोडलं. तेव्हापासून मी रिकामी आहे. पावसाचं पाणी पडतं आणि खालून निघून जातं. वारसा फेरी अजून निघते, माझ्यापाशी येऊन थांबते, आणि मेधा अडखळत का होईना, खरं तेच सांगते. त्यामुळं चंद्रकांत तिच्याशी तुटक बोलतो. करार वाढणार की नाही, गोधड्या इथं राहणार की भुकूमला दुसरा गाळा शोधावा लागणार, हे अजून कुणालाच माहीत नाही. दीपमाला दोन ठिकाणी बघून आली आहे.

चांगुणा आता वळसा घालत नाही. सरळ माझ्या अंगावर हात टेकत जाते.

परवा गोजराबाई तेल घ्यायला आली होती. पायरीवर बसली, आणि उठताना गुडघा धरला म्हणून तिनं माझ्या काठावर हात ठेवला, जेसीबीचा दात लागलेल्या जागी. पुरता भार टाकून उठली. तिच्या ध्यानातही आलं नसेल. तो हात मऊ होता. एवढंच कळलं मला. आतून चांगुणानं ते पाहिलं आणि पुन्हा सुईकडं बघितलं.

तुम्ही याल तेव्हा बघा मला, फोटोही काढा, हरकत नाही. फक्त एक ऐका. सोसायटीतल्या बायका भल्या मनाच्या आहेत. मी कोरडी दिसते म्हणून त्यांना वाईट वाटतं, आणि पाखरांसाठी म्हणून त्या बाटलीतलं उरलेलं पाणी वरून माझ्यात ओतायला येतात. तेव्हा आतून, मान वर न करता, एक म्हातारी "नको" म्हणते. तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावू नका. पाखरांसाठी मेधानं दाराशी मातीचं भांडं ठेवलंय. खाली वाका आणि त्यात घाला.