हिल्डाबायचा हात

कालवणाचं टोप हिल्डाबायने चुलीवरून नुसत्या हातांनी उतरवलं आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहायची गरजच नव्हती. सासूबाई पाहत होत्या.

“बग क्रिस्टिना, याला हात म्हंतात. तू तर फडक्यानं धरून पन सोडतेस.”

हिल्डाबाय माझी मोठी जाऊ. अर्नाळ्याच्या बाजारात आम्ही शेजारी शेजारी मासळी विकतो. शिंगाळ्याचा काटा लागला की माझ्या हातातून मासा पडतो नि गिऱ्हाईक हसतं. ही काटा रुतला तरी मासा धरून भाव सांगते. बावीस वर्षं माझा जळफळाट चाललाय. तिचं रूप, तिची हुशार मुलं, कशाचं मला काही वाटलं नाही. तो हात मात्र मला हवा होता.

मागच्या महिन्यात तिच्या बोटांना मोठाले फोड आले, आणि ते कधी आले हे तिलाच सांगता येईना. थोरले दीर घाबरले. त्यांनी विरारला मशीनवर हात तपासणाऱ्या नसांच्या डॉक्टरांची वेळ घेतली नि सोबतीला मला धाडलं. म्हटलं, आता तिथेही हिचंच कौतुक ऐका.

डॉक्टरीणबाईंनी हिल्डाबायच्या हाताला तारा चिकटवल्या. मूठ आवळली की यंत्र खरखरायचं. मग बोटाला विजेचा चटका दिला. खरखर चालूच. आणखी जोराचा दिला, तरी चालूच.

“आमच्या बायचा हात लोखंडाचा हाय,” मी कुजकटपणे म्हटलं. “माजा बगा, लगेच सोडल.”

“बसा. मशीन तरी तपासून होईल.”

तारा लावून मी मूठ आवळली. चटका बसला तशी किंचाळले. यंत्र क्षणभर गप्प झालं आणि पुन्हा खरखरायला लागलं.

“असंच व्हायला हवं,” त्या म्हणाल्या. “दुखलं की कातडीतल्या नसा हाताला सांगतात, सोड. आपण विचार करायच्या आधीच स्नायू सैल पडतो. तुमचा हात उत्तम आहे. यांच्या नसा रक्तातल्या साखरेनं मेल्यात.”

बावीस वर्षांत मी पहिल्यांदा जिंकले. खोटं कशाला बोलू, आनंद झाला. रिक्षात बसेपर्यंत टिकला.

“आदी मना पन लागायचं गं,” हिल्डाबाय म्हणाली. “दात आवळून धरायची. तू सोडायचीस नि तुजा नवरा धावत यायचा फुंकर घालाला. माज्याकडं कोन येनार? मग कदी लागायचं बंद झालं, कळलंच नाय.”



घरी सासूबाई दारातच उभ्या. “काय झालं? मशीनसमोर सोडला काय हात?”

हिल्डाबाय मान खाली घालून चप्पल काढत राहिली.

“नाय सोडला, आई,” मी म्हटलं. “मशीन हरली.”

सासूबाई खूश होऊन शेजारी सांगायला गेल्या. हिल्डाबाय अंघोळीला मोरीत गेली. जरा वेळाने तिची हाक आली.

“क्रिस्टिना, पानी किती कडत हाय, जरा बोट घालून सांग गं.”