पुढं घेतलेली तारीख

आमचे उदयसिंह राज्यमंत्री झाले तवा अख्ख्या पाटणात मीच सगळ्यात मोठ्यानं ओरडलो. फौजेतनं हवालदार म्हणून सुटलो, तवापासनं त्यांच्या हापिसात लोकांचे अर्ज घ्यायला बसतोय. मी न ओरडून कसं चालंल? गाडी आली, बंदूकवाले पोलीस आले, मंत्रालयात ही एवढी केबिन मिळाली. खाती पाच. फाईल मातर एक न्हाई!

झालं काय, वरच्या मंत्र्यांच्या हाताखाली राज्यमंत्री दोघं. एक आमचे, दुसरे विदर्भातले. कुणी काय बघायचं, त्याचा आदेश वरच्यांनी काढायचा. आज काढतो, उद्या काढतो. आमचे बिचारे केबिनमधी पाहुण्यास्नी चहा पाजत बसायचे. एकदा मला म्हणाले, "जोतिबाआप्पा, सही कशी करायची ते विसरीन बघा मी." हसून म्हणाले, पण माझं डोस्कंच फिरलं.

त्यातच बनुवहिनींचं प्रकरण अडकलं. अडकलं कशाला म्हणू, मीच अडकवलं. त्यांच्या सासऱ्याचं गाव कोयना धरणात बुडालं. बदल्यात सांगलीकडं दोन एकर मिळाली, आन् कागदावर ती भलत्याच्याच नावावर चढली. त्याचं अपील मंत्र्यांकडं व्हतं. मार्चमधी सुनावणी लागली, वरचे मंत्री स्वतः बसणार व्हते. वहिनींचा नवरा कोंडीबा माझा लहानपणापासनंचा गडी. मी त्याच्या घरी गेलो आन् म्हणालो, "गड्या, तब्येतीचं कारण सांग, तारीख पुढं घे. कामाचं वाटप झालं की अपिलं उदयसिंहांकडंच येत्यात. आपल्या माणसाच्या हातनंच घिऊ." त्यानं नुसती मान हलवली. तब्येतीचं कारण तर खरंच व्हतं.

आदेश निघाला नोव्हेंबरात. मी तो तीनदा वाचला. अपिलं दोघांत वाटली व्हती, पण कुणी बोट दाखवू नये म्हणून ज्याच्या त्याच्या मुलखाबाहेरची. आमचा पुणे विभाग विदर्भवाल्यांकडं, आन् विदर्भ आमच्याकडं. कोंडीबा दिवाळीच्या आदीच गेला व्हता.

मी तडक उदयसिंहांवर खेकसलो, "आवं, फाईल बदलून घ्या की! त्यांची एक त्यास्नी द्या, आपली एक घ्या."

"आणि दोन्हीकडच्या समोरच्या पार्टीनं मग कुणाच्या तोंडाकडं बघायचं, आप्पा?" ते म्हणाले.

लय राग आला मला.

सुनावणीच्या दिवशी ते वहिनींशेजारी बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसले. सोबत बसले, पण दाराच्या आत पाऊल टाकलं न्हाई. वहिनींबरोबर आत मी गेलो. त्या परक्या मंत्र्यांनी जुने कागद मागवले, बोट ठेवून ठेवून वाचले. बुडालेल्या गावाचं नाव इचारलं, घर कुठल्या अंगाला व्हतं तेबी इचारलं. वीस मिनटं लागली असतील. म्हणाले, "आजी, जमीन तुमच्या नावावर लावायचा हुकूम करतो."

वीस मिनटं! मार्चमधी वरच्या मंत्र्यांनाबी तेवढीच लागली असती.

बाहेर जिन्यापाशी माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. "वहिनी, तारीख मी पुढं ढकलाय लावली. न्हाई तर कोंडीबानं आपल्या जमिनीत पाय ठेवला असता. चुकलो मी."

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. "आवं भावजी, तुमचा कसला दोष? त्येंनीच तर तुमास्नी म्हटलं व्हतं, आपल्या माणसाच्या हातनंच घिऊ म्हणून."

कोंडीबा तसं कायबी म्हणाला नव्हता. म्हणालो व्हतो मी, त्याच्या ओसरीवर बसून. आन् बनुवहिनी तवा माझ्यासमोरच उभ्या व्हत्या.