माझी टक फुकट मिळत नाही

मी एक जुना पुतळा आहे. चौकातला नव्हे हं! माझ्या डोक्यावर कबुतरं बसत नाहीत आणि माझ्या उद्घाटनाला कुणी मंत्रीही आला नव्हता. मी नर्सिंग कॉलेजातला पुतळा. पेशंटच्या अंगाला हात लावण्याआधी मुलींनी माझ्यावर शिकायचं, यासाठी माझा जन्म झाला. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, गोड गोड बोलणं मला जमत नाही.

कारखान्यात मला रबराचं अंग मिळालं, प्लास्टिकच्या बरगड्या मिळाल्या आणि छातीत एक जाड स्प्रिंग बसली. बंद पडलेलं हृदय चालू करायला छाती जितकी खोल दाबावी लागते, तितकी दाबली की ही स्प्रिंग 'टक' असा आवाज करते. त्याहून कमी दाबली तर मी ढिम्म. समोर कुणाची का लाडाची लेक असेना!

माझी पहिली वर्षं एका कॉलेजात मजेत गेली. तिथल्या मुली मला रोज अंघोळ घालत, माझी कूस बदलत, सुया टोचत. टोचून टोचून दंडाची चाळण झाली होती, पण काय रुबाब होता माझा! एखादीनं पहिली टक काढली की बाकीच्या टाळ्या वाजवत. पुढे तिथे नवा पुतळा आला आणि मला साहेबांनी विकत घेतलं.

साहेब म्हणजे संस्थाचालक. त्यांची कॉलेजं तीन आणि पुतळा मी एकटा. सरकारचा नियम असा, की प्रत्येक कॉलेजात शिकवायला स्वतःचा पुतळा हवा, नाही तर मान्यता रद्द. नियम चांगलाच आहे. साहेबांनी तो कसा पाळला, ते ऐका. ज्या कॉलेजात तपासणी समिती येणार, तिथे मला आधी व्हॅनमधून पोचवायचं. समितीची पाठ फिरली की पुन्हा काचेच्या कपाटात टाकून कुलूप लावायचं. मुलींनी मला बाहेरून बघायचं, हात लावायचा नाही.

त्या मुलींत एक होती, अंगानं किरकोळ म्हणून सगळ्या तिला चिमणी म्हणत. शेवटच्या वर्षाला होती, अभ्यासात पहिली. आई शिवणकाम करून तिला शिकवत होती. एक दिवस चिमणी हॉस्पिटलातून आली ती थेट माझ्या कपाटासमोर बसली. वॉर्डात एक आजोबा तिच्या डोळ्यांदेखत कोसळले होते. पुस्तकातली पानंच्या पानं तिला पाठ, पण हातच उचलेनात. मोठ्या सिस्टरनी तिला बाजूला ढकललं आणि छाती दाबून आजोबांना वाचवलं.

"उद्या मी एकटीच असले तर?" चिमणी काचेला कपाळ टेकून म्हणाली. मी आतून नुसता बघत राहिलो. असा संताप आला होता म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांकडे कपाटाची किल्ली मागितली. साहेब म्हणाले, पुतळा मोडला तर समितीला काय दाखवू?

यंदा मात्र सरकारनं त्यांची चांगलीच जिरवली. तिन्ही कॉलेजं एकाच समितीनं एकाच दिवशी बघायची, असा हुकूम निघाला. साहेबांची पाचावर धारण बसली. एकच तोंड तीनदा कसं दाखवायचं? मग त्यांनी अक्कल चालवली. सकाळी पहिल्या कॉलेजात मार्करनं मला जाडजूड मिशी काढली. समिती जेवायला बसली तसं मला व्हॅनमध्ये कोंबलं, डोक्यावर बायकी केसांचा टोप चढवला आणि चिमणीच्या कॉलेजात आणून पलंगावर निजवलं. पण मार्कर निघाला औषधाच्या बाटल्यांवर लिहायचा, पुसला न जाणारा. घासून घासून माझा ओठ सोलला, मिशी जागच्या जागी. शेवटी चादर नाकापर्यंत ओढून साहेब बाजूला उभे राहिले.

समितीच्या प्रमुख मॅडम स्वतः हाडाच्या नर्स. त्यांनी चादर खाली केली आणि शांतपणे विचारलं, "या बाईंना मिसरूड कधी फुटलं?"

साहेब हसले, मुलींनी चेष्टा केली असेल म्हणाले. मॅडम हसल्या नाहीत. तुमच्या सगळ्यात हुशार मुलीला छाती दाबून दाखवू दे, एवढंच त्या म्हणाल्या. चिमणीला पुढे केलं. आम्ही रोज सराव करतो असंच सांगायचं, कॉलेज बंद पडलं तर तुमचंच वर्ष पाण्यात जाईल, असं मुलींना आधीच पढवून ठेवलं होतं.

चिमणीनं दाबलं. मी ढिम्म. तिनं पुन्हा दाबलं. तिच्या कपाळावर घाम आला आणि मित्रांनो, मला तिची फार दया आली. तरी मी वाजलो नाही. मी खोटं वाजलो असतो तर ते उद्या कुणाच्या तरी जिवावर बेतलं असतं.

"स्प्रिंग गेलीय त्याची," साहेब म्हणाले. "म्हातारा झालाय."

माझी स्प्रिंग गेलीय? माझी! मॅडमनी बाह्या सारल्या, कोपरं ताठ केली आणि दाबलं. टक. टक. टक. सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

चिमणी साहेबांकडे न बघता बोलली. "मॅडम, पुतळा चांगला आहे. आम्हालाच कुणी शिकवलं नाही. तुम्ही जेवत होतात तेव्हा आणला याला."

"वर्ष जाईल तुझं, कळतंय का?" साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"वर्ष गेलं तर पुन्हा बसेन, सर. माणूस गेला तर काय करू?"

कॉलेजाची मान्यता गेली. मुलींना सरकारी कॉलेजात सामावून घेतलं, पण शेवटचं वर्ष पुन्हा करावं लागलं. काही मैत्रिणींनी चिमणीशी अबोला धरला. तिची आई म्हणे एवढंच म्हणाली, की मशीन आणखी वर्षभर चालवते, त्यात काय. मलाही जप्त करून तिथेच आणलं. टोप गेला, मिशी राहिली. राहू दे! चिमणी उंचीला कमी पडायची म्हणून स्टुलावर उभी राहून दाबायची. कितीतरी दिवस मी ढिम्मच होतो. मग एका सकाळी तिची कोपरं ताठ झाली आणि माझ्या छातीत टक वाजली. अबोला धरलेल्या मुलींनीही मान वळवून बघितलं. चिमणी थांबली नाही, दाबतच राहिली.

तेव्हा मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर कपाटात ठेवून घेऊ नका. मला टोचा, उलटापालटा करा, बरगडी मोडली तर खुशाल मोडू द्या, ती नवी बसवता येते. आणि तुमच्या शाळा-कॉलेजात असं कुलूप दिसलं तर किल्ली मागा. मी वाजलो नाही तर माझ्यावर रुसू नका, पुन्हा दाबा. नीट दाबलंत की वाजेन. त्याआधी साहेब येवोत नाही तर साहेबांचे साहेब, मी वाजणार नाही.