पन्नास मिनिटं मागे

आमच्या खोलीत दोन मशीन आहेत. एकीला आम्ही थोरली म्हणतो, दुसरीला धाकटी. बावीस इस्पितळांचं सगळं थोरलीत लिहिलं जातं: कोणाचं रक्त कुठल्या गटाचं, कोणाला कुठलं औषध चालत नाही, किडनीच्या यादीत कोण कितव्या नंबरवर. थोरली जे लिहील त्याची प्रत तारेवरून धाकटीकडे जाते आणि धाकटी ते त्याच क्रमाने आपल्याकडे उतरवून घेते. थोरली बंद पडलीच तर धाकटीने तिच्या जागी उभं राहायचं. तिला ठेवलीय ती एवढ्यासाठीच.

हे साहेबांना कोण सांगणार? आमच्या साहेबांना तक्त्यांचं वेड. "ती दुसरी दिवसभर नुसती बसून असते, तिला काम द्या," असं म्हणून त्यांनी अकराच्या मीटिंगचा तक्ता तिच्याकडून काढायला सुरुवात केली. तक्ता चालू असला की धाकटी जुनी पानं वाचत बसते. वाचत असलेलं पान बदलता येत नाही, म्हणून नव्या नोंदी बाजूला साचत जातात. पूर्वी मी तिला अर्ध्या मिनिटाची मुभा दिली होती. त्यापुढे ती तक्ता तोडायची आणि आपल्या कामाला लागायची. तीन दिवस ओळीने तक्ता तुटला. चौथ्या दिवशी साहेबांनी मला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं, मुभा वाढवा असं लेखी दिलं आणि मी रागाच्या भरात ती मुभा एक तासाची करून टाकली. घ्या, काढा किती तक्ते काढायचेत ते!

त्यात धाकटीच्या डिस्क जुन्या आणि संथ, थोरलीतून काढून टाकलेल्या. शिवाय थोरलीत शंभर हात एकदम लिहितात, ही बिचारी एकाच हाताने उतरवणार. भिंतीवरचा दिवा मात्र कायम हिरवा, कारण तो दिवा नोंद पोचली का एवढंच बघतो, उतरली का ते बघत नाही. मला हे माहीत होतं. दुरुस्त करू, करू म्हणत वर्ष गेलं.

त्या किडनीच्या यादीत माझी ताई होती. चार वर्षं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा. तिच्याशी जुळणारी किडनी शंभरात एखादी निघते, आणि तिचं हृदय पुढचं वर्ष काढेल असं वाटत नाही, हे डॉक्टरांनी भाऊजींना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. ताई मात्र सगळ्यांना ऐटीत सांगायची, "यादी माझा भाऊ सांभाळतो, मला कसली काळजी!" हे झालं त्याच्या आदल्या आठवड्यात तिला ताप आला म्हणून नर्सने यादीत तिला 'तात्पुरती बाद' करून ठेवलं. त्या सकाळी ताप उतरल्याचा रिपोर्ट आला आणि नऊ पन्नासला तिच्या नावापुढे 'तयार' लागलं. दहा वीसला तिचा फोन.

"बारक्या, आली रे! जुळली! पहिला नंबर माझा."

"काय सांगतेस! निघालीस का?"

"निघतेय. चार वर्षं पिशवी भरून ठेवलीय, आतला साबणसुद्धा वाळून दगड झाला असेल. तुझे भाऊजी गाडीची किल्ली शोधतायत, ती त्यांच्याच हातात आहे."

मी जिन्यात जाऊन रडलो. खोटं कशाला सांगू?

दहा पस्तीसला थोरलीच्या दोन्ही डिस्क एका मिनिटात गेल्या. साहेब धावत आले. "धाकटी उघडा." मी बघितलं. नोंदी दहा पस्तीसपर्यंतच्या पोचल्या होत्या. उतरल्या होत्या नऊ पंचेचाळीसपर्यंत, म्हणजे तक्ता सुरू झाला तिथपर्यंत. मी तक्ता तोडला.

"साहेब, चाळीस मिनिटं द्या. साचलेलं सगळं उतरेल."

"चाळीस? दिवा तर हिरवा आहे!"

"पोचलंय. उतरलेलं नाही."

"आहे तशी उघडली तर?"

"तर ही पन्नास मिनिटं गेली. ढिगातून मागाहून शोधता येतील, पण त्याला दोन दिवस लागतील."

साहेबांचा फोन वाजत होता. एका इस्पितळात ऑपरेशनच्या टेबलावर बाई होती, रक्त थांबत नव्हतं आणि तिला कुठलं इंजेक्शन चालत नाही ते कुणालाच दिसत नव्हतं. दुसऱ्या फोनवर दुसरं कुणी ओरडत होतं.

"साहेब," मी म्हणालो, "त्या पन्नास मिनिटांत माझी ताई आहे. किडनीसाठी पहिला नंबर."

त्यांनी फोन बाजूला ठेवला. वाईट माणूस नाही तो. "हे तुम्ही मला सांगायला नको होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "टेबलावर आहे तीही कुणाची तरी ताईच असेल. काय करायचं, सांगा तुम्हीच."

धाकटी मी माझ्या हाताने उघडली.

आलेल्या किडनीची नोंदही त्या पन्नास मिनिटांत गेली होती; यादीवाल्यांनी ती पुन्हा केली आणि यादीने पुन्हा नाव काढलं. ताई तिथे अजून तापातच होती: तात्पुरती बाद. मी यादीच्या खिडकीवरच्या बाईंना फोन केला. "मला आठवतंय हो तुमच्या बहिणीचं नाव," त्या म्हणाल्या. "पण यादी दाखवेल तेच धरायचं, माणसाची आठवण नाही. आणि यादी सांभाळणाऱ्यानेच असा फोन करणं बरं दिसतं का?" नर्सने ताईपुढे पुन्हा 'तयार' लावलं तेव्हा अकरा वीस झाले होते. त्याआधी दहा मिनिटं दुसऱ्या इस्पितळाने त्यांच्या रुग्णासाठी होकार कळवला होता. होकार आला की नाव बदलत नाही.

साडेअकराला ताईचा फोन आला.

"अरे, इथे म्हणतायत यादीत माझं नाव नाही. काहीतरी घोळ झालाय. तू बघ ना जरा, तिथेच आहेस ना?"

बघतो म्हणून फोन ठेवून देता आला असता. पण मी सगळं सांगितलं: तक्ता, मुभा, राग, उघडणं. माझ्यामुळे झालं, ताई, म्हणालो.

ती म्हणाली, "आधी पाणी पी. तुझी नोकरी नाही ना जाणार?"

"नाही," मी म्हणालो.

आणि ते खरंच होतं, कागदावर माझी चूक कुठेच नव्हती. मुभा वाढवा असं साहेबांनी लेखी दिलं होतं, धाकटी उघडायला लागली ती फक्त बारा सेकंदं, आणि दिवा सकाळपासून हिरवा होता.