उलट्या पंखाचा बगळा

सूतगिरणी बंद पडून वर्षं लोटली, तरी तिच्या गच्चीवरचा निऑनचा लाल बगळा दिवेलागणीला उडायचाच. वर, मधे, खाली असे तीन पंख एकामागून एक उजळायचे. पत्ता सांगताना लोक गल्लीचं नाव घेत नसत, "बगळ्याच्या अलीकडे" म्हणत. काचेची नळी वाकवून तो घडवला होता गल्लीतल्याच एका कारागिरांनी. आता त्यांचे हात थरथरायचे, म्हणून डागडुजी त्यांच्या सुनेकडे आली होती.

मधला पंख विझला. इमारतीचे नवे मालक म्हणाले, "शुक्रवारी संध्याकाळी पेटला तर ठेवू. नाहीतर उतरवून प्लास्टिकची पाटी लावू."

घरात तशी नळी एकच उरली होती.

नळी मागच्या बाजूने वाकवतात, म्हणून नक्षीचा कागद उलटा ठेवावा लागतो. सकाळीच तो उलटा करून ती आंघोळीला गेली. सून विसरली असेल, म्हणून सासऱ्यांनीही तो हळूच उलटवला. दोघांची काळजी एकाच कागदावर पडली.

काचेला जोडलेल्या रबरी नळीचं टोक ओठांत धरून ती फुंकर घालत राहिली, काचेची पोकळी मिटू नये म्हणून. ज्योतीत काच मधासारखी लवत गेली. वायू भरून झाला, पंख बगळ्याला लावला, तेव्हा कळलं, तो उलटा वळलाय.

"बाबा, कागदाला हात लावला होता?"

"जरासा. तू पडलीस विसरभोळी."

"मी? आणि चष्मा कपाळावर ठेवून घर डोक्यावर कोण घेतं?"

दोघं हसली. दुसरी नळी नव्हती; पंख तसाच राहिला.

शुक्रवारी बगळा पेटला. वरचा पंख उजळला, मग मधला, थेट चोचीकडे वळलेला. उडता उडता काही आठवावं तसा बगळा थबकला. गल्ली लाल पाण्यात बुडाल्यासारखी शांत झाली.

"लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहायचो," मालक म्हणाले. "तेव्हाही असाच थबकायचा ना?"

"हो" तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. एवढ्यावर काम झालं असतं.

"नाही," ती म्हणाली. "तेव्हा सरळ उडायचा. हा पंख माझ्या हातून उलटा झालाय."

"आमच्या," सासरे पुटपुटले.

"उतरवायचा असेल तर मीच उतरवते. दुसऱ्याच्या हातून फुटेल."

मालक वरच पाहत होते. बगळा उडाला, थबकला, उडाला.

"आज नको."

"मग उद्या?" सासऱ्यांनी विचारलं.

"उद्याही नको."